मेणबत्ती आणि माळरान : एका चित्रपटाची दोन भिंगे

१९७५ च्या डिसेंबरात स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘बॅरी लिंडन’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. अठराव्या शतकातला एक आयरिश तरुण नशीब काढायला बाहेर पडतो, सैन्य, जुगार आणि सोयरीक यांच्या आधाराने उमरावांच्या पंगतीला जाऊन बसतो आणि शेवटी तिथून उठवला जातो, अशी ही कथा. या चित्रपटाचा विषय निघाला की जाणकार एक गोष्ट हमखास सांगतात : त्यातले रात्रीचे प्रसंग निव्वळ मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले आहेत आणि त्यासाठी ‘नासा’करिता घडवलेले भिंग वापरले गेले. गोष्ट खरी आहे; पण अर्धीच आहे. त्याच चित्रपटासाठी, त्याच तंत्रज्ञाकडून, कुब्रिक यांनी दुसरेही एक भिंग मुद्दाम तयार करून घेतले होते, आणि ते पहिल्याच्या अगदी विरुद्ध टोकाचे होते. पहिल्याला अंधारात दिसे, पण त्याचा दृष्टिकोन एकदा ठरला की ठरला. दुसरे माणसाच्या मुठीपासून सबंध माळरानापर्यंत सलग मागे सरकू शके, पण त्याला दिवसाचा भरपूर उजेड लागे.

आज छायाचित्रकार ज्याला ‘फास्ट झूम’ म्हणतात, ती लेन्स म्हणजे या दोन भिंगांमध्ये झालेला तह आहे. तह म्हटला की दोन्ही बाजूंना काही ना काही सोडावे लागते. कोणी काय सोडले आणि ते कोणाच्या अंगावर पडले, याविषयी आजचा थ्रेड. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी थोडे गणित मांडतो, कारण त्यावाचून पुढचा प्रवास उमगणार नाही. भिंगाची फोकल लेंथ, म्हणजे शाळेत शिकलेले नाभीय अंतर, त्याच्या छिद्राच्या रुंदीने भागले की जो आकडा येतो तो एफ-क्रमांक. ५० मिलिमीटर भिंगाचे छिद्र २५ मिलिमीटर रुंद असेल तर ते एफ/२ चे भिंग. आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त, आणि तोही वर्गाच्या हिशेबाने : एफ/४ पेक्षा एफ/२ चे भिंग दुप्पट नव्हे, चौपट प्रकाश आत घेते. प्रकाश जास्त आला की फिल्म कमी वेळ उघडी ठेवून भागते, म्हणून अशा भिंगाला ‘फास्ट’ म्हणायचे. वेग भिंगाचा नव्हे, तुमच्या कामाचा.

या वेगाची किंमत पहिल्या दिवसापासून मोजावी लागली आहे. १८३९ मध्ये दागेरचे तंत्र जगासमोर आले तेव्हा एका चित्रासाठी कित्येक मिनिटे लागत, त्यामुळे जिवंत माणसाचे चित्र घेणे जवळपास अशक्य होते. १८४० मध्ये व्हिएन्नात योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने साधारण एफ/३.६ चे व्यक्तिचित्रणाचे भिंग रचले. त्याच्या आकडेमोडीसाठी ऑस्ट्रियन लष्कराच्या तोफखान्यातील हिशेबात तरबेज माणसे त्याला मदतीला मिळाली होती. तोफगोळ्याचा मार्ग काढणारे हात प्रकाशकिरणाचा मार्ग काढू लागले! चित्राला लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. मात्र पेट्झवालचे भिंग मध्यभागीच धारदार होते. चेहरा स्वच्छ येई आणि कडांकडे चित्र भोवऱ्यासारखे विरघळत जाई. व्यक्तिचित्राला ते चालून गेले, किंबहुना शोभूनही दिसले, म्हणून कोणी तक्रार केली नाही. निसर्गचित्रे घेणाऱ्याला मात्र त्या भिंगाचा काही उपयोग नव्हता.

झूमची कल्पना पुष्कळ नंतरची. क्लाइल अ‍ॅलन या अमेरिकन गृहस्थाने १९०२ मध्ये फोकल लेंथ बदलता येणाऱ्या भिंगाचे पेटंट मिळवले. १९२७ च्या ‘इट’ या मूकपटात झूमचा एक प्रयोग दिसतो. कारखान्यात बनून विक्रीला आलेले पहिले झूम म्हणजे १९३२ चे ४०-१२० मिलिमीटरचे ‘कुक व्हॅरो’. त्याच्या पूर्ण पल्ल्याचा उपयोग करायचा तर छिद्र बारीक ठेवणे भाग पडे. म्हणजे जन्मापासूनच झूम आणि उजेड यांचे वाकडे.

हे वाकडे का, ते समजून घेण्यासारखे आहे. साध्या, ठरावीक फोकल लेंथच्या भिंगात (छायाचित्रकार त्याला ‘प्राइम’ म्हणतात) काचेचे पाच-सात तुकडे असतात आणि ते एकाच जागी, एकाच कामासाठी बसवलेले असतात. झूममध्ये काचांचे गट मागेपुढे सरकतात. प्रत्येक गट प्रत्येक जागी दुसऱ्या गटाच्या चुका निस्तरेल अशी व्यवस्था करावी लागते, आणि म्हणून काचा वाढत जातात. काच वाढली की दुसरी आपत्ती येते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. समजा भिंगात असे बावीस पृष्ठभाग आहेत. तर हिशेब करून पाहा, शंभरातले जेमतेम एक्केचाळीस भाग प्रकाश फिल्मपर्यंत पोचेल. उरलेला नाहीसा होत नाही हे त्याहून वाईट. त्यातला बराचसा काचाकाचांत आपटत धुक्यासारखा चित्रावर पसरतो. १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा सूक्ष्म लेप शोधला नसता, तर आजचे झूम ही केवळ कागदावरची हौस राहिली असती. दुसऱ्या महायुद्धात हा लेप दुर्बिणींच्या कामी आला, आणि युद्ध संपल्यावर झूमचे खरे दिवस सुरू झाले.

येथेच सिनेमावाल्यांच्या एका सवयीचा उलगडा होतो. त्यांच्या भिंगावर एफ-क्रमांकाऐवजी टी-क्रमांक असतो. एफ-क्रमांक सांगतो दार किती मोठे आहे. टी-क्रमांक सांगतो की काचांची दलाली वजा जाता प्रत्यक्ष किती प्रकाश आत पोचला. ज्यांना एका दृश्याचे दहा तुकडे दहा भिंगांनी घेऊन ते बेमालूम जोडायचे असतात, त्यांना दाराची रुंदी सांगून काय उपयोग?

युद्धानंतरच्या झूमच्या इतिहासात दोन माणसे समोरासमोर ठेवून पाहावीत असे मला वाटते. पहिले फ्रँक बॅक. मूळचे व्हिएन्नाचे, अमेरिकेत स्थायिक झालेले. त्यांचे ‘झूमार’ भिंग १९४६ च्या सुमारास आले आणि अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या बेसबॉल सामन्यांनी ते उचलून धरले. मैदानात चेंडू उडाला की कॅमेरा त्याच्या मागे झेपावू लागला. झूमारची रचना काचांच्या गणितानेच फोकस सांभाळणारी होती. सरकणारे सगळे गट एकाच दांडीला बांधलेले, एकदम पुढे, एकदम मागे. यंत्रभाग साधा, घडवायला सोपा. पण झूमच्या साऱ्या प्रवासात फोकस काही मोजक्या ठिकाणीच नेमका बसे आणि मधल्या जागी थोडासा ढळे.

दुसरे पिएर आँजेन्यू. फ्रान्समधल्या सेंट-एतिएनजवळच्या सेंत-एआँ या लहान गावात त्यांची भिंगांची शाळा भरली. त्यांनी दुसरा, कष्टाचा मार्ग पत्करला. सरकणाऱ्या गटांना एकमेकांपासून मोकळे केले आणि प्रत्येकाची चाल नळीवर कोरलेल्या वक्र खाचेने बांधून दिली. एक गट चित्र मोठे करतो, दुसरा त्याच वेळी वेगळ्या गतीने सरकून फोकस जागेवर धरून ठेवतो. खाच केसभर चुकली तरी सगळे बिघडले. १९५६ मध्ये त्यांचे १७-६८ मिलिमीटरचे एफ/२.२ झूम आले आणि दोन वर्षांनी १२-१२० मिलिमीटरचे, तेही एफ/२.२. दहापट पल्ला आणि एवढे मोठे छिद्र एकत्र आले, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. साठच्या दशकात खांद्यावरचा १६ मिलिमीटर कॅमेरा आणि त्यावर हे भिंग ही माहितीपटकारांची आणि वार्ताचित्रकारांची ठरलेली जोडी झाली. माणसाच्या तोंडावर भिंग न रोखता, खोलीच्या कोपऱ्यातून त्याचा चेहरा टिपता येऊ लागला. ‘सत्य जसे घडते तसे’ दाखवण्याच्या त्या चळवळीमागे तत्त्वज्ञान किती आणि सेंत-एआँच्या नळीवरली खाच किती, याचा विचार चित्रपटाच्या इतिहासकारांनी अजून पुरेसा केलेला नाही, असे माझे मत आहे.

मात्र एक पाचर येथे आहे. १६ मिलिमीटर फिल्मची चौकट जेमतेम बोटाच्या नखाएवढी. १२० मिलिमीटरला एफ/२.२ साठी ५५ मिलिमीटरचे दार पुरते. हीच दृष्टी स्थिरचित्रणाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर हवी असेल तर सगळी मापे सव्वातीन-साडेतीन पटींनी वाढवावी लागतात आणि भिंग तोफेच्या जातीचे होते. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांना अवाढव्य पल्ल्याचे उजळ झूम परवडत आले ते यामुळेच. त्यांची चौकट लहान होती. ‘व्हिडिओवाल्यांना मिळते ते आम्हाला का नाही’ ही छायाचित्रकारांची जुनी कुरकुर आहे. तिचे उत्तर चौकटीच्या आकारात आहे.

छायाचित्रकारांच्या वाट्याला पहिले झूम आले ते १९५९ मध्ये, आणि गंमत अशी की ते ‘फास्ट’ होते! फोइग्टलेंडर कंपनीचे ‘झूमार’, फ्रँक बॅक यांच्याच आराखड्याचे, ३६-८२ मिलिमीटर, सगळ्या पल्ल्यात एफ/२.८. आत चौदा काचा. पुढे बसणाऱ्या फिल्टरचा व्यास ९५ मिलिमीटर. हा आकडा ध्यानात ठेवा. पल्ला किती, तर सव्वादोन पट. कडा मऊ, सरळ रेषा वाकलेल्या आणि किंमत अशी की हौशी माणसाने दुकानाच्या काचेतूनच पाहावे. एफ/२.८ चा हट्ट कशासाठी? माझा तर्क असा की नव्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातूनच पाहू लागला होता. भिंग अंधारे तर समोरचे दृश्यही अंधारे, मग फोकस बसणार कसा?

निकॉनने १९६३ मध्ये नेमका उलटा सौदा केला. त्यांचे ४३-८६ मिलिमीटर, एफ/३.५ हे झूम लहानखुरे होते, ५२ मिलिमीटरच्या फिल्टरवर भागणारे. पल्ला दुप्पट. प्रकाश समोरून आला की चित्रात भुते नाचत आणि खिडकीच्या चौकटी पिंपासारख्या फुगत. परीक्षकांनी त्याला नाके मुरडली आणि लोकांनी ते भरभरून विकत घेतले. सहलीला बरोबर नेता येणारी लेन्स घरी कपाटात राहणाऱ्या उत्तम लेन्सपेक्षा बरी, हा लोकांचा हिशेब होता.

त्या दशकात सिनेमावाल्यांना मात्र झूमचे वेडच लागले. रोबेर्तो रोसेलिनी यांनी झूम दूरनियंत्रणाने स्वतः चालवता येईल अशी सोय करून घेतली. आपल्याकडे सत्यजित राय यांनी ‘चारुलता’मध्ये (१९६४) खिडकीशी रेंगाळणाऱ्या नायिकेच्या हातातली दुर्बीण खाली येताच कॅमेरा झटक्यात मागे घेतला, दोन क्षणांत तिचे एकटेपण घरभर पसरले. पुढे सत्तरच्या दशकातील हिंदी चित्रपटांत प्रत्येक धक्क्याला खलनायकाच्या डोळ्यांवर झेप घेणारे झूम इतके आले की हा शब्दच अभिरुचीच्या दरबारात बदनाम झाला. त्या बदनामीच्या ऐन भरात कुब्रिक यांनी झूम हाती घेतले, तेही वेगळ्याच कारणासाठी.

तर पुन्हा ‘बॅरी लिंडन’कडे येऊ.

झाइसने एरहार्ड ग्लात्सेल यांच्या रचनेवरून ५० मिलिमीटर, एफ/०.७ चे ‘प्लानार’ भिंग घडवले होते. एकूण नग दहा. सहा नासाने घेतले, एक झाइसने स्वतःकडे ठेवला, तीन कुब्रिक यांनी विकत घेतले. आधी भिंग विकत घेतले आणि मग ते कॅमेऱ्यावर बसेल का, ही विचारणा केली. ‘सिनेमा प्रॉडक्ट्स’ कंपनीचे एड डिजूलिओ यांनी मापे पाहिली आणि ते जमणारे नाही असे कळवले. भिंगाची शेवटची काच फिल्मपासून अवघ्या चार मिलिमीटरवर येत होती. तेवढ्या जागेत चित्रपट-कॅमेऱ्याचे फिरते शटर मावणार कुठे? कुब्रिक यांनी माघार घेतली नाही. शेवटी एका मिचेल बीएनसी कॅमेऱ्याचा तोंडाकडचा भाग कोरून काढण्यात आला. डिजूलिओ यांनी आधीच बजावले होते की यानंतर या कॅमेऱ्यावर दुसरे कोणतेही भिंग बसणार नाही. चालेल, असे उत्तर आले. एक उत्तम कॅमेरा एका भिंगासाठी कायमचा खर्ची पडला.

उजेड मिळाला, आता त्याचे देणे पाहा. दोन मीटर अंतरावर या भिंगाच्या फोकसची जाडी हिशेबाने पाच-सहा सेंटिमीटर भरते. म्हणजे तीन-चार बोटे. नट बोलता बोलता किंचित पुढे झुकला की चेहरा विरघळला. फोकस सांभाळणारे डग मिल्सम यांच्यासाठी बाजूला, काटकोनात, एक व्हिडिओ कॅमेरा लावण्यात आला. त्याच्या पडद्यावर नट पुढे-मागे किती सरकला ते पाहून ते भिंग फिरवीत. बीएनसीला जुन्या त्रिपट्टी टेक्निकलर कॅमेऱ्याचा आरशांचा व्ह्यूफाइंडर जोडला, कारण त्यातून अधिक उजळ दिसे. तीन वातींच्या मेणबत्त्या वापरल्या. झुंबरांवर धातूची तबके टांगली. त्यांनी जुन्या वाड्यांची छते आचेपासून वाचली आणि थोडा उजेडही खाली परत आला. इतके करूनही १०० एएसएची फिल्म रसायनात एक पायरी ‘ढकलून’ २०० समजावी लागली.

आणि नटांनी काय केले? ते हलेनासे झाले. पत्त्यांच्या डावाभोवती बसलेले उमराव त्या दृश्यांत पुतळ्यासारखे स्थिर आहेत, नजर तेवढी फिरते. समीक्षकांनी त्यात त्या समाजाचा गोठलेपणा पाहिला, आणि तो तिथे आहेच. पण हलायची परवानगी भिंगानेच नाकारली होती, हेही तितकेच खरे. दागेरच्या काळी मान चिमट्यात धरून बसणाऱ्या माणसाची आठवण होते.

आता दुसरे भिंग. कुब्रिक यांना दिवसाची दृश्ये एखाद्या तपशिलापासून सुरू करून, अतिशय संथपणे मागे येत, गेन्सबरोच्या चित्रासारख्या विशाल निसर्गात संपवायची होती. पल्ला हवा होता वीसपट. आँजेन्यू यांचे वीसपट पल्ल्याचे झूम होते, पण १६ मिलिमीटरचे, १२-२४० चे. डिजूलिओ यांनी त्याचे चित्र दुप्पट मोठे करून ३५ मिलिमीटरची चौकट भरेल अशी जोडणी केली. फोकल लेंथ झाली २४-४८०. पण तोच प्रकाश चौपट जागेवर पसरला, म्हणजे चतुर्थांश उरला. भिंग ठरले टी/९ चे. झूम हाताने फिरवल्यास थरथर दिसली असती, म्हणून ती चाल विजेच्या मोटरवर, दांडीने नियंत्रित केली. आयर्लंडच्या ढगाळ पण मोकळ्या आकाशाखाली टी/९ पुरेसे होते. त्याच दिवशी, त्याच वाड्याच्या आत, ते निरुपयोगी ठरले असते.

एफ/०.७ आणि टी/९ यांतील अंतर प्रकाशाच्या भाषेत दीडशे पटींहून अधिक आहे. मग दोन्ही गुण एकाच भिंगात का नकोत? भागाकार करून पाहा : ४८० भागिले ०.७. पुढची काच सुमारे ६९ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे लग्नाच्या स्वयंपाकातल्या परातीएवढी लागली असती, आणि तिच्यामागे तशाच आणखी कित्येक. ते भिंग उचलायला माणसे नव्हे, गाडा लागला असता. कुब्रिक यांचा मोठेपणा मला यात दिसतो की त्यांनी मधला मार्ग शोधला नाही. रात्रीसाठी एक, दिवसासाठी एक. दोघांचीही पूर्ण किंमत मोजली. छायालेखक जॉन ऑल्कॉट यांना १९७६ मध्ये ऑस्कर मिळाले.

सामान्य छायाचित्रकाराला मात्र मधलाच मार्ग हवा असतो. त्याच्याकडे दोन सहायक नसतात, आणि वधूवर अंतरपाटाशी उभे असताना भिंग बदलायला कोणी थांबत नाही. ऐंशीच्या दशकात हा मार्ग आखला गेला. निकॉनचे ८०-२०० एफ/२.८ ईडी हे १९८२ च्या सुमाराचे. वजन जवळपास दोन किलो. त्यानंतर ऑटोफोकसचे युग आले, कॅनन आणि निकॉन या दोघांनीही एफ/२.८ च्या झूमची मांडणी पक्की केली, आणि वृत्तछायाचित्रकारांच्या पिशवीतून ठरावीक भिंगे हळूहळू बाहेर पडली. एक भागाकार येथेही करून पाहण्यासारखा आहे. २०० भागिले २.८ म्हणजे ७१ मिलिमीटर. आणि ५० भागिले ०.७ म्हणजेही ७१ मिलिमीटर. कुब्रिक यांच्या त्या दुर्मीळ भिंगाचे दार जेवढे, बरोबर तेवढेच दार आज साताऱ्यापासून सोलापूरपर्यंत मंगल कार्यालयांतून ७०-२०० घेऊन फिरणाऱ्या छायाचित्रकाराच्या हातात असते.

ते हातात असणे म्हणजे काय, हे मला थोडेफार ठाऊक आहे. एका नातलगाच्या लग्नात हौसेने मी अशी लेन्स भाड्याने आणली होती. सकाळी सीमांतपूजनाला ती मिरवण्यासारखी वाटली. दुपारी पंगती उठेपर्यंत मनगट इतके दुखू लागले की वरातीचे सगळे फोटो मी मोबाइलवर काढले.

ऑटोफोकस आल्यावर आणखी एक तडजोड गुपचूप झाली. आँजेन्यू यांनी खाचा कोरून जे साधले होते, झूम करताना फोकस न ढळणे, ते स्थिरचित्रणाच्या भिंगांतून मोठ्या प्रमाणावर सोडून देण्यात आले. छायाचित्रकार आधी झूम करतो, मग बटण दाबून फोकस लावतो; मधला प्रवास कोणी पाहत नाही. ती अट काढली की भिंग हलके, स्वस्त आणि कडांपर्यंत धारदार करता येते. सौदा शहाणपणाचा होता, २००८ पर्यंत. त्या वर्षी निकॉन डी९० आणि कॅनन ५डी मार्क २ या स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्यांत एचडी व्हिडिओ आला आणि न पाहिला जाणारा प्रवास एकाएकी सगळ्यांना दिसू लागला. झूम करताच चित्र धूसर होई. फोकस एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर नेताना चौकट श्वास घेतल्यासारखी फुगे आणि आकसे. स्वस्त झूममध्ये पल्ला वाढवताना छिद्र लहान होत जाई आणि चित्र पायरी-पायरीने काळवंडे. फोकसच्या मोटरची घरघर ध्वनिमुद्रणात येई. या भिंगांत दोष नव्हता. त्यांना हे काम कधी सांगितलेच गेले नव्हते.

सिनेमाच्या बाजूने उत्तर तयार होते, पण ते कोणाला परवडणार? आँजेन्यूचे ‘ऑप्टिमो’ २४-२९० घ्या. सगळ्या पल्ल्यात टी/२.८. कुब्रिक यांच्या टी/९ च्या दसपट प्रकाश, फोकस अढळ. वजन सुमारे अकरा किलो, आणि बहुतेक लोक ते विकत घेत नाहीत, भाड्याने आणतात.

स्थिरचित्रणाच्या बाजूने सिग्माने २०१३ मध्ये १८-३५ एफ/१.८ आणले. डीएसएलआरसाठी, अखंड एफ/१.८ चे पहिले झूम. युक्ती जुनीच होती : लहान चौकट धरा आणि पल्ला दुपटीच्याही आत ठेवा. झूम म्हणावे की तीन प्राइमचे गाठोडे म्हणावे, असा प्रश्न पडावा इतका तो पल्ला तोकडा, तरी स्वतंत्र लघुपट करणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतले. २०१८ मध्ये कॅननने पूर्ण चौकटीसाठी २८-७० एफ/२ आणले. वजन १,४३० ग्रॅम. २०२४ मध्ये सोनीने याच आकड्यांचे भिंग ९१८ ग्रॅमवर आणून दाखवले. आताची बरीच झूम वाकड्या रेषा सरळ करण्याचे काम काचेऐवजी संगणकावर सोपवतात. वजन उतरण्यामागे हेही एक कारण असते. पेट्झवालचे तोफखान्यातले हिशेबनीस आता कॅमेऱ्याच्या पोटात बसले आहेत, एवढाच फरक.

आता जी गोष्ट मला सर्वांत चकित करते ती सांगतो. कुब्रिक २०० एएसएवर एफ/०.७ ने चित्रण करीत होते. आजचा साधारण चांगला सेन्सर ६४०० आयएसओ विनातक्रार देतो. २०० पासून ६४०० म्हणजे पाच पायऱ्या. एफ/०.७ पासून पाच पायऱ्या मोजा : १, १.४, २, २.८, ४. त्याच मेणबत्त्या, तीच खोली, आज एफ/४ च्या साध्या झूमने उजळतील. शिवाय फोकसची जाडी तीन-चार बोटांऐवजी वीतभराहून अधिक मिळेल आणि नटांना हलता येईल.

म्हणजे ज्या कारणासाठी फास्ट भिंगे जन्माला आली, ते अंधाराचे कारण बऱ्याच अंशी उरलेले नाही. तरी त्यांची विक्री थांबलेली नाही. कारण मिल्समना घाम फोडणारी ती पातळ जाडी, मागचे सगळे विरघळवून टाकणारी, हीच आता खरेदीची वस्तू झाली आहे. १९७५ मध्ये जे कर्ज होते ते आज दागिना म्हणून मिरवले जाते. मला यात उपहास करायचा नाही. धूसर पार्श्वभूमीवर उठून दिसणारा चेहरा सुंदर दिसतोच. पण पैसे मोजताना आपण उजेड विकत घेत आहोत की धूसरपणा, एवढे स्वतःला विचारले तर कित्येकांना एफ/४ ची हलकी लेन्स पुरेल असा माझा अंदाज आहे. लहान मुलांमागे धावणाऱ्याला, सभागृहात नृत्य टिपणाऱ्याला किंवा बंदिस्त मैदानातले खेळ घेणाऱ्याला ती पुरणार नाही. तिथे शटरचा वेग हवा आणि त्याला छिद्राचाच आधार लागतो.

जाता जाता, ध्यानात ठेवायला सांगितलेला तो आकडा. १९५९ च्या फोइग्टलेंडर झूमारचा फिल्टर ९५ मिलिमीटरचा. १९८२ च्या निकॉन ८०-२०० एफ/२.८ चाही ९५. आणि २०१८ च्या कॅनन २८-७० एफ/२ चा? तोही ९५. तिघांचे छिद्र वेगळे, पल्ला वेगळा, साठ वर्षांचे अंतर. पुढचे झाकण हरवले तर मात्र एकाचे दुसऱ्याला चालून जावे.